हिरव्या खुणेचा पाय

१

फळीवर पाय नव्हता.

स्टोअरच्या काकूंनी वरची फळी पाहिली, खालची पाहिली, आणि घरात चष्मा हरवला की माणूस जसं मिठाच्या डब्यातही डोकावतं, तसं दारामागे आणि कपाटावरही पाहून घेतलं. नव्हता.

खिडकीपलीकडे बाकावर कंडक्टरबाई बसली होती. अंगात डेपोचा गणवेश, कडक इस्त्रीचा. पँटचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिनेनं टाचलेला. शेजारी भिंतीशी दोन कुबड्या, रुसलेल्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या.

"काकू, मी येऊ का शोधायला?" ती म्हणाली. "एका पायावर येते."

"तू बस गं. इथंच असणार. पाय म्हणजे काय चालत जाणारी वस्तू आहे?"

बोलून गेल्यावर काकूंनीच जीभ चावली. कंडक्टरबाईला मात्र हसू आलं. आज तिला कशाचंही हसू येत होतं. तिचा नवा पाय तयार झाला होता आणि ती तो घालून घरी जाणार होती. उद्या सकाळी डेपोत अधिकारी तिला बसच्या पायऱ्या चढायला सांगणार होते. चढली, तर तिची बस तिला परत. नाही चढली, तर पास देण्याची खिडकी, कायमची. तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती. दुसऱ्यांदा ढकलत नाहीत, हे तिला कागदावरही कळवलं होतं आणि तोंडावरही.

काकूंनी संगणकात तिचं नाव टाकलं. पडदा जरा घुटमळला. मग नावासमोर एक हिरवी खूण उमटली आणि तिच्यापुढे दोन शब्द: रुग्णास दिला.

"दिलाय म्हणतंय हे," काकू पुटपुटल्या.

"कुणाला?"

"तुलाच. काल संध्याकाळी."

कंडक्टरबाईनं आधी पिनेकडे पाहिलं, मग कुबड्यांकडे.

"मग काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्या दोघी माझ्याबरोबर कशाला आल्यात?"

२

माणसांना पाय करून देणारी ती संस्था होती. तिथं त्या आठवड्यात एक पाहुणी येऊन बसली होती. तिचं आयुष्य इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत गेलं. लोकांनी तिला नावानं कधी ओळखलंच नाही, खिडकीवरच्या पाटीनंच ओळखलं, आणि पाटी सुटली तरी चौकशीबाई हे नाव काही सुटलं नाही. मुलगे मार्गी लागल्यावर तिनं संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. विषय होता, संस्थांमध्ये माहितीची प्रणाली कशी वापरतात. सरांनी सांगितलं होतं, पुस्तक मिटा, एखादी संस्था गाठा, कोपऱ्यात बसा आणि बघा. म्हणून ती कोपऱ्यात बसून बघत होती.

काकूंनी पहिल्याच दिवशी तिला टोचलं होतं, "सुनेनं शाळेचा डबा दिला का?"

"दिला की. वर म्हणाली, मस्ती केलीत तर पालकांना बोलावीन."

तेव्हापासून दोघींचं जमलं होतं.

आत्ता ती साहेबांच्या खोलीत होती. साहेब वयानं तरुण, मनानं भले. सिस्टीम त्यांनीच आणलेली. "पूर्वी एक पाय शोधायला अर्धा दिवस जायचा," असं ते येईल त्याला कौतुकानं सांगत. "आता ह्या खुर्चीत बसून मला सगळे पाय दिसतात." आज त्यांना सगळे पाय दिसत होते. फक्त हा एक दिसत नव्हता.

"नोंद मामांच्या नावावर आहे," साहेब म्हणाले. "पाय मामांनी केला, दिलाही मामांनीच. आता कुणाला दिला ते तेच सांगतील."

मामा दारात उभे होते. पाय घडवणारा हा म्हातारा कारागीर माणसांशी मोजकं बोले आणि पायांशी गुणगुणे. त्याचे हात कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरे असत, जणू कायम कुठल्या तरी पिठात.

"मामा, हा पाय स्टोअरमध्ये जमा झाल्यावर तुम्ही त्याला हात लावला होता?"

मामा खाली बघत राहिले. "नाही."

कोपऱ्यातून चौकशीबाईनं पाहिलं. उजव्या हाताची नखं पांढरी नव्हती. त्यांच्या कडांना काळी रेघ होती. आणि तो हात हळूच पाठीमागे गेला.

खिडकीत बसून ती एक गोष्ट शिकली होती. माणूस खोटं बोलतो तेव्हा काहीतरी लपवतो हे खरं, पण जे लपवतो तेच आपण शोधत असतो, असं नाही.

मामा मात्र खोटं बोलत होते.

३

"उद्यापर्यंत दुसरा पाय होणार नाही?" मामा गेल्यावर तिनं विचारलं.

"छे. साचा घ्यायचा, वाळवायचा, घासायचा. आठवडे जातात." साहेबांनी डोळे चोळले. "बाई, तुम्हाला विचारायची सवय आहे. तुम्हीच विचारा ना सगळ्यांना. मी विचारलं की लोक गप्प होतात."

"मग तुमच्यापासूनच सुरू करू?"

साहेब हसले. ती हसली नाही.

"काल महिन्याचा शेवटचा दिवस होता," ती म्हणाली. "परवा तुम्हीच मला दाखवलंत, ठरवलेल्या आकड्याला एक पाय कमी पडत होता. काल संध्याकाळी आकडा पुरा झाला. कमी पडलेला पाय कुठून आला?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. मग तो रंग ओसरला आणि खाली एक दमलेला मुलगा दिसायला लागला.

"तुम्हाला वाटतं मी खोटी खूण केली." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं. "मनात आलं होतं. खोटं सांगत नाही. आकडा भरला नाही की वरून विचारणा होते, मग एकेका माणसाच्या कामाचा वेळ मोजायला सांगतात. म्हणून तर मी सगळ्यांना बजावलंय, जे काम सिस्टीममध्ये नाही ते करायचंच नाही. नाहीतर दिवस जातो कुठं, हे मी वर काय सांगू? पण खूण मी केली नाही. मी फक्त बेरीज बघतो, बाई. बेरजेला चेहरा नसतो."

तिचा त्यांच्यावर विश्वास बसला. पण एक शब्द तिच्या मनात, पदरात काटा अडकावा तसा, अडकून राहिला. बेरीज.

बेरीज चुकलेली नसेल तर?

४

"मामांचं नाव त्या नोंदीवर कसं आलं, काकू?"

"सगळ्याच नोंदींवर येतं." काकूंनी आवाज खाली घेतला. "मामा त्या यंत्राला शिवत नाहीत. म्हणतात, ह्याला ओलं-सुकं कळत नाही. म्हणून सकाळी मीच त्यांच्या नावानं उघडते आणि दिवसभर तसंच चालू ठेवते. परत परत कोण बंद करून उघडणार? साहेबांना सांगू नका हं."

"म्हणजे मामांचं नाव दिसलं याचा अर्थ..."

"या खिडकीतून गेलं, एवढाच."

"मग काल संध्याकाळी या खिडकीतून काय गेलं?"

"एकच पाय गेला. पोस्टमन आजोबांचा." काकूंचा चेहरा खुलला. "दुरुस्त होऊन केव्हाचा पडला होता बिचारा. आजोबा आजारी होते ना मध्ये. काल आले एकदाचे. म्हणतात कसे, जन्मभर लोकांची टपालं पोचवली, आता माझंच पार्सल तुमच्याकडे अडकलंय, सोडवा. मामांनी पाय बसवून दिला. तालात गेले हो चालत, काठी काखेत मारून."

"तुम्ही नोंद कशी केलीत?"

"नेहमीसारखी." काकूंनी फळीवरचा एक पाय उचलून दाखवला. पांढऱ्या सुती खोळीत तो गुंडाळलेला होता आणि खोळीच्या तोंडातून काळा, नाडीचा, नवाकोरा बूट तेवढा बाहेर आला होता. फळीवरचे सगळे तसेच. बूटही सगळ्यांचे एकाच घडणीचे, कुठल्याशा कारखान्यानं संस्थेला भेट दिलेले. "हा बूट उलटा करायचा. तळव्याला बारकोडची चिठ्ठी आहे बघा. तिच्यावर यंत्राची लाल बत्ती धरायची. टिंग होतं, हिरवं येतं, झालं."

"चिठ्ठी बुटाला का? पायाला का नाही?"

"पायाला खोळ असते. कापडावर चिकटत नाही ती. आणि खोळ काढायची नाही, हा इथला जुना कायदा, यंत्र यायच्या कितीतरी आधीचा. बाकावर बसलेल्या माणसाला आपलं दुःख असं फळीवर ओळीनं मांडलेलं दिसू नये." काकूंनी पाय पुन्हा जागेवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"टिंग झाल्यावर नाव वाचलंत?"

"अहो, माणूस समोर उभा राहून मला हसवतोय, त्याचं नाव पडद्यावर कशाला वाचू? आणि नुसता नंबर येतो. नावासाठी आणखी एक कळ दाबावी लागते. कोण दाबतं?"

"आत्ता दाबू या," चौकशीबाई म्हणाली. "आजोबांसाठी."

काकूंनी कळ दाबली. पोस्टमन आजोबांचं नाव आलं. पुढे हिरवं काही नव्हतं. तिथं लिहिलं होतं: दुरुस्त. नेलेला नाही.

जो म्हातारा हसत हसत पाय घेऊन गेला तो पडद्याच्या लेखी आलाच नव्हता, आणि जिनं पाय नेला असं पडदा शपथेवर सांगत होता, ती बाहेर बाकावर दुसऱ्यांदा पाणी मागत होती.

५

मामांच्या खोलीत प्लास्टरचा ओला वास असे. पण त्याखाली आणखी एक वास होता, घरातला, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सकाळचा. चौकशीबाई स्टुलावर बसली आणि काही विचारायच्या ऐवजी नुसतीच म्हणाली, "बुटाच्या पॉलिशचा वास किती दिवसांनी आला."

मामांचा हात थांबला. मग प्लास्टरच्या पोत्यामागून त्यांनी एक चपटी डबी आणि झिजलेला ब्रश काढून तिच्यापुढे ठेवला, पकडलेल्या चोरानं मुद्देमाल ठेवावा तसा.

"साहेबांनी बंद करायला सांगितलंय," ते म्हणाले. "यंत्रात त्याला जागा नाही म्हणाले. त्यांचंही बरोबर असेल. पण बाई, माणूस काय काय सोसून चालायला शिकायच्या त्या दांड्यांमध्ये पहिल्यांदा उभा राहतो. मान वर करायची हिंमत नसते. खालीच बघतो. तेव्हा त्याला धुळीचा बूट दिसावा? मला नाही जमत. फळीवर धूळ बसते. द्यायच्या आदल्या दिवशी मी पाय गुपचूप इकडे आणतो, बूट काढतो, चकाकवतो, परत नेऊन ठेवतो. एवढाच माझा गुन्हा. पाय मी कुणाला दिला नाही."

"काल किती बूट काढलेत?"

"दोन. आजोबा संध्याकाळी येणार होते, ही पोर आज. दोन्ही शेजारी ठेवले आणि केले."

"परत घालताना कुठला कुणाचा ते कसं ओळखलंत?"

"ओळखायचं काय त्यात?" मामांना प्रश्नच विचित्र वाटला. "दोन्ही नवे, दोन्ही उजवे. ह्या पोरीचं पाऊल दणकट, आजोबांचं बेताचं, माप एकच. बूट तो बूट. पाय विचारा मला. डोळे बांधा आणि हातात द्या, कुणाचा ते सांगेन."

"पायात तुम्ही चुकला नाहीत, मामा. आजोबांना आजोबांचाच पाय दिलात. पण यंत्रानं पाय कधी पाहिलाच नाही." चौकशीबाईनं डबी उचलली, झाकण लावलं. "चिठ्ठी कुठं असते?"

"बुटाच्या..." मामा म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातातल्या डबीकडे पाहिलं.

दारात कुबड्या वाजल्या. कंडक्टरबाईला बाकावर बसवेना, ती शोधत आली होती. तिच्यामागे काकू.

"सांगा ना," कंडक्टरबाई म्हणाली. "मला कळेल असं सांगा."

"तुझा बूट आजोबांच्या पायाला गेला," चौकशीबाई म्हणाली. "काकूंनी तळव्यावर बत्ती धरली, यंत्राला तुझी चिठ्ठी दिसली, त्यानं तुझ्यापुढे हिरवी खूण केली. साहेबांची बेरीज बरोबरच होती. एक पाय गेला होता. फक्त चुकीच्या नावानं गेला. आणि तुझा पाय मागे राहिला, आजोबांचा बूट घालून. यंत्राला तो आजोबांचा वाटतोय, न नेलेला."

"मग राहू दे की वाटत. फळीवर असेलच तो."

"मघाशी आम्ही आजोबांचा नंबरही फळीवर शोधला. नाही," चौकशीबाई म्हणाली आणि काकूंकडे वळली. "न नेलेल्या पायाचं पुढे काय होतं, काकू?"

काकूंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. "ठरलेली मुदत संपली तरी पडून राहिले तर रोज सकाळी त्यांची यादी निघते. आजोबांची मुदत कालच संपली असणार. साहेबांना फळी मोकळी लागते. खोलकर बत्ती घेऊन येतो, यादीतला नंबर जुळला की पाय घेऊन जातो. आज सकाळी एक नेलान. मला वाटलं, असेल कुणाचा तरी बेवारस..."

"कशाला नेतो?"

"सुटे भाग करायला. बाकीचा कापून टाकतो."

बोळाच्या टोकाला करवतीचं यंत्र सुरू झालं.

६

मामा धावले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं. काकू धावल्या, साहेब आपल्या खोलीतून काय झालं म्हणत निघाले, आणि सगळ्यांच्या मागे कुबड्यांचा आवाज, टकटक टकटक, श्वास न घेता.

खोलकरचं खरं नाव कुणाला आठवत नसे. जुने पाय खोलायचे एवढंच त्याचं काम. त्यानं मागे वळून माणसांची भिंत पाहिली आणि करवत बंद केली. पात्याखाली अर्धवट कापलेली एक वाटी होती. पायाचा उरलेला भाग जिच्यात बसतो, जिच्यावर माणसाचा सगळा भार पेलला जातो, ती.

मामांनी पुढे होऊन तिच्यावरून बोट फिरवलं.

"ही नव्हे," मामा म्हणाले. "ही जुनी आहे."

टेबलावर एक नळी पडली होती. शेजारी पावलाचा पंजा, स्क्रू काढून वेगळा केलेला. शेजारी चकाकणारा काळा बूट. मामांनी पंजा उचलला आणि बोटांनी चाचपला. तो कंडक्टरबाईचाच होता.

"वाटी कुठंय?" साहेबांनी विचारलं. "खोलकर, ह्याची वाटी कापलीस?"

खोलकरनं मान खाली घातली. मग तो खिडकीशी गेला. गजांच्या कोपऱ्यात, फडक्यावर, वाटी ठेवली होती. अखंड.

"कापायचीच होती," तो चाचरत म्हणाला. "यादीत होती. पण खोळ काढली तर आतून कोरी. घामाचा डाग नाही, घासलेली नाही. कुणी नेऊन वापरलेलीच नाही ही, असं वाटलं. विचारावं असं आलं मनात."

"मग विचारलं का नाहीस?"

खोलकरनं साहेबांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती जास्त लागली. "मागं एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, यादीत आहे ना? मग काप. तर आज हिला शेवटी ठेवली. बाकीच्या आधी घेतल्या. तेवढंच माझ्या हातात होतं."

साहेब दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. कंडक्टरबाई कुबड्या टेकत पुढे आली, तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि छातीशी धरली.

"हिला जोडता येईल?" तिनं विचारलं. "आज?"

मामा आपल्या हातांकडे बघत होते. हात थरथरत होते.

७

तुकडे जोडणं सोपं. ओळंबा जुळवणं अवघड. नळी जरा आत झुकली तर गुडघा दुखतो, जरा बाहेर गेली तर माणूस कलंडतो. तो कोन मामांनी तिला पुन्हा पुन्हा चालवून, केसाकेसानं शोधला होता, आणि खोलकरच्या पान्यानं तो एका झटक्यात गेला होता.

"हात थांबत नाहीत माझे," मामा म्हणाले.

खोलकर गुडघे टेकून बसला. "तुम्ही नुसतं सांगा, किती आणि कुठं. मी फिरवतो." जन्मभर ज्यानं पाय सोडवले होते तो पहिल्यांदा पाय आवळायला बसला.

दोन दांड्यांमधून कंडक्टरबाई चालली. थांबली, स्क्रू फिरला, परत चालली. तिच्या कपाळावर घाम आला. मामांनी विचारलं, दुखतंय का, ती म्हणाली, नाही. मामांनी परत विचारलं, ती म्हणाली, "दुखतंय हो, पण गर्दीच्या बसमध्ये लोक माझ्या पायावर पाय देतात ना, त्याहून कमी. आणि मामा, त्या बुटाला आता हात लावू नका. नाहीतर उद्या पोस्टमन आजोबा तिकिटं फाडतील आणि मी पत्रं वाटेन."

मामांच्या ओठांचा कोपरा हलला. मग, कुणाच्या लक्षात येण्याआधी, ते गुणगुणायला लागले. हे ते आपल्या पायांना म्हणत, माणसांपुढे कधी म्हणत नसत.

नवं गं पाऊल, भुई पुसते कुणाचं,
जिनं रडून मागितलं, तिनं हसून टाकायचं.

गुणगुणता गुणगुणता त्यांचे हात थांबले. त्यांनी खोलकरच्या हातातून पाना घेतला.

भिंतीशी साहेब आणि चौकशीबाई उभे होते.

"चुकली कोण, सिस्टीम?" साहेबांनी विचारलं.

"तिला बूट दाखवला, तिनं बूट मोजला. तिचं काय चुकलं?"

"मग मामा?"

"मामांनी बूट पुसला."

"म्हणजे मी."

चौकशीबाईला त्यांची दया आली. तिच्या धाकट्याच्याच वयाचे होते. "तुम्ही म्हणालात, यंत्रात नाही ते करायचं नाही. तुम्हाला वाटलं, त्यानं ते काम बंद होईल. काम बंद झालं नाही, साहेब. तुम्हाला दिसायचं बंद झालं. मामा पोत्यामागे पॉलिश करायला लागले, काकू दुसऱ्याच्या नावानं नोंदी करायला लागल्या, खोलकरनं विचारणं सोडलं. सगळी भली माणसं. प्रत्येकाकडे खऱ्याचा एकेक तुकडा होता आणि तो तुमच्यापर्यंत यायची वाटच नव्हती."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

"वाटीच्या आत नंबर कोरता येईल," ते म्हणाले. "मामा घडवतानाच कोरतील. मग खोळही राहील. आणि खोलकरच्या यादीत एक जागा ठेवू, त्याला जे खटकेल ते लिहायला. ते लिहिलेलं मी वाचल्याशिवाय करवत चालू करायची नाही." मग थोडं थांबून, "पॉलिशला किती वेळ लागतो हो मामांना?"

"त्यांनाच विचारा. पण लगेच मोजायला घेऊ नका."

साहेब खरंच गेले. पँटची पर्वा न करता मामांशेजारी जमिनीवर बसले. काय बोलले ते चौकशीबाईला ऐकू आलं नाही. फक्त मामांनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलेलं दिसलं, आणि गुडघ्यावर प्लास्टरचा पांढरा पंजा उमटलेला.

दिवस कलायला लागला तेव्हा कंडक्टरबाई दांड्या न धरता खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू मात्र नाक पुसायला बाहेर गेल्या.

८

सकाळी डेपोत तिची बस एका बाजूला उभी करून ठेवली होती. अधिकारी हातात कागद घेऊन दारापाशी उभे होते. फाटकाच्या जाळीमागे मामा, काकू, खोलकर आणि चौकशीबाई. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून जाळीत बोटं अडकवून.

"घाई नको," अधिकारी म्हणाले. ते वाईट नव्हते, त्यांनाही हे बघणं जड जात होतं. "वर चढायचं, खाली उतरायचं. एवढंच. मी कागदावर लिहीन."

मामांनी तिला सांगून ठेवलं होतं, चढताना आपला पाय आधी, उतरताना नवा. तिनं दांडा धरला. डावा पाय पहिल्या पायरीवर गेला. मग सगळं अंग त्याच्यामागे गेलं आणि नवा पाय त्याच्याशेजारी येऊन टेकला. जाळीमागे खोलकरनं डोळे मिटून घेतले. दुसरी पायरी. पायऱ्या उंच होत्या, त्या आधीही तितक्याच उंच असणार, पण पूर्वी तिनं त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. तिसऱ्या पायरीला नवं पाऊल जरा घासलं, अडलं. तिनं खाली पाहिलं नाही. कमरेतून हिसका दिला आणि ती वर होती.

"छान," अधिकारी म्हणाले. "आता खाली या."

ती वळली नाही. ती दोन्ही बाजूंच्या रिकाम्या बाकांमधून चालत गेली, एकेका बाकाच्या पाठीला हात लावत, लांबच्या प्रवासाहून आलेलं माणूस घरातल्या भिंतींना लावतं तसा. मधोमध थांबली. डोक्यावर हात नेला आणि घंटीची दोरी दोनदा ओढली.

पुढे तिचा जुना ड्रायव्हर बसला होता. बस नुसती उभी करून ठेवायची, असं त्याला बजावून सांगितलं होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दोन घंट्या झाल्या की त्याचा हात आणि पाय त्याचं ऐकत नसत. गाडीनं एक सुस्कारा टाकला, गिअर पडला, आणि बस फाटकाकडे निघाली.

अधिकारी कागद हातात धरून जिथल्या तिथं राहिले.

"अहो, उतरायचं राहिलं की," ते म्हणाले.

पण बस तोवर वळणावर गेली होती.